सहावी वाटी

गेल्या रविवारी आमच्या गावात, सौंसरमध्ये, मी हात दाखवून अवलक्षण केलं. शेजारणीच्या दारात उभं राहून आमच्या वाट्या परत मागितल्या...

मी आणि माझी बायको मंदा, पुढच्या महिन्यात पोखऱ्याला जातोय. हो, नेपाळमधलं पोखरा. फिरायला नाही, राहायला.

बोरगावच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये आयुष्य गेलं. रिटायर झालो त्या दिवशी पेन्शन जेवढी होती, तेवढीच आजही आहे. घरभाडं, मंदाची औषधं, तपासणीसाठी नागपूरच्या चकरा मात्र वाढतच जातात. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात... आम्ही ते इतके आखडले की आता गुडघे दुखतात.

कारखान्यातला एक जुना मित्र तिकडे स्थायिक झालाय. खोली स्वस्त, हवा थंड, हिंदी चालते, दोघांचं भागतं म्हणतो. वर्षभर आम्ही विचार केला. खरं सांगू? विचार करूनच थकलो, म्हणून हो म्हटलं.

रविवारी सामान बांधायला काढलं, तर लग्नातल्या स्टीलच्या सहा वाट्या सापडेनात. आमचं नाव कोरलेल्या. मग आठवलं, त्या कौसल्याबाईंकडे असणार.

कौसल्याबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजार. रामाकोन्याला थोडी संत्र्याची झाडं, नवरा गेल्यापासून एकट्याच. गेल्या महिन्यात त्या तापाने पडल्या, तेव्हा मंदा रोज काही ना काही पाठवत होती.

आमच्याकडे रिकामी वाटी कोणी परत करत नाही, काहीतरी भरूनच देतात. त्यामुळे वीस वर्षं कोणाची ना कोणाची वाटी दुसऱ्याच्या घरात असतेच... आणि ती मागायची तर मुळीच नसते. मी मागितली. वर हेही सांगून टाकलं की आम्ही गाव सोडतोय, सामान बांधतोय.

"हो भाऊ, देतो ना," एवढंच म्हणाल्या. चेहरा एकदम उतरला.

घरी आल्यावर मंदा कडाडली. "वाट्या कोणी मांगते काय जी? त्यायले वाटन, संबंधच तोडून राहिलो आपण!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाई ताट घेऊन आल्या. जवसाची चटणी, लोणचं, मुगवड्या, तुरीची डाळ, संत्र्याच्या सोललेल्या फोडी. प्रत्येक वाटी काठोकाठ. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पण स्टोअरकीपरची सवय मेल्याशिवाय जात नाही. तोंडातून निघूनच गेलं... "पाचच? सहा होत्या ना?"

मंदाने माझ्याकडे असं पाहिलं की बस.

"सहाच होत्या, भाऊ," कौसल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "सहावी मी नाही देत. थे न्यायले तुमाले वापस या लागन."

मग मंदा रडली. त्याही रडल्या. मी मुगवड्या डब्यात काढायच्या निमित्ताने आत गेलो, आणि तिथे मीही...

पांढुर्ण्याहून गाडीचं तिकीट काढलेलं आहे. जाणार आहोत, कारण रडून पेन्शन वाढत नाही. पण सौंसरमधून आपलं सगळं उचललं, असं आता म्हणता येणार नाही. पाच वाट्या सामानात बांधल्यात, सहावी तिथे भिंतीपलीकडे आहे, आमच्या नावाची.

कौसल्याबाई, आम्ही मागितली तरी देऊ नका.