मावशींचं डावं-उजवं

कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलची फरशी पुसणाऱ्या मावशी बावीस वर्षं उलट्या चालत होत्या. लाकडी फरशी पुसायची म्हणजे बास्केटच्या खांबाशी सुरुवात करायची, तोंड बास्केटकडेच ठेवायचं, आणि दांडीचं फडकं फिरवत एकेक पाऊल मागे सरकत मधल्या रेषेपर्यंत यायचं. म्हणजे पुसलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. दुसरं म्हणजे फडकं ओलं नको, ओलसर हवं, नाहीतर लाकूड फुगतं. या दोन गोष्टी मावशी प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आणि प्रत्येक नवा शिपाई त्या एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देई. घरी नवरा चिडवायचा, “उलट्या पायांची बायको पदरात पडली माझ्या, रात्री घाबरायला होतं.” मावशी म्हणत, “सरळ पायांनी तुम्ही काय दिवे लावलेत ते सांगा आधी.”

पुसता पुसता मावशींना फरशी वाचता यायला लागली होती. बुटाच्या रबराचा काळा फराटा कुठे उठलाय, कोण कुठे थबकलं, कोण घसरलं, कोणी सराव सोडून कोपऱ्यात बसून गप्पा मारल्या, हे सगळं त्यांना कळायचं. मुली म्हणायच्या, “मावशींपासून काही लपत नाही.” लपणार कसं? पुरावा रोज त्यांच्याच फडक्याखाली यायचा.

आता संघाबद्दल काय बोलावं! मुलींचा संघ नऊ वर्षांत पहिल्या फेरीच्या पुढे गेला नव्हता. खेळाडू आठ. कप्तान सगळ्यांत बुटकी, तिला सगळे चिमणी म्हणत. आणि प्रशिक्षक होते रसायनशास्त्राचे सर. ते होण्याचं कारण एवढंच, की वर्षाच्या सुरुवातीच्या सभेला ते दहा मिनिटं उशिरा पोचले आणि तोवर सोपी कामं वाटून संपली होती. पण माणूस मोठा सच्चा. त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं, पेन्सिलने रेघा मारून वाचून काढलं आणि पहिल्या दिवशी मुलींना म्हणाले, “मला यातलं काही येत नाही. तुम्हालाही फारसं येत नाही. म्हणजे आपलं जमेल.”

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की पहिल्याच फेरीत हरलात तर संघ बंद आणि हॉलमध्ये जुन्या उत्तरपत्रिकांची कपाटं. नुसतं सांगून थांबले नाहीत. भिंतींच्या कडेने अकरा कपाटांच्या जागा खडूने आखूनही घेतल्या. मावशींना ताकीद दिली, “या खुणांना फडकं लागता कामा नये.” मावशींची बदली ऑफिसच्या इमारतीत होणार होती. तिथे गुळगुळीत फरशा, पगार तोच, काम निम्मं. कोणीही म्हटलं असतं, नशीब उघडलं. पण मावशी रोज त्या खुणांना वळसा घालून पुसायच्या आणि रोज त्या खडूकडे रागाने बघायच्या. ही फरशी त्यांनी पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती, आणि तिच्या अंगावर आता उंदरांनी कुरतडलेले कागद येऊन बसणार होते.

त्यात पहिल्या फेरीत गाठ कुणाशी, तर गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाशी. त्यांची बास्केटखाली खेळणारी मुलगी एवढी उंच, की दारातून येताना ती सवयीनेच मान खाली घाली. चिमणीने तिचं नाव ठेवलं ‘मनोरा’.

सर म्हणाले, “धावण्यात आपण त्यांच्याशी हरणार. म्हणून धावायचंच नाही. चेंडू हातात आला की वीस सेकंद आपसातच फिरवायचा आणि मग टाकायचा. जितके कमी डाव, तितका बलवानाला जोर दाखवायला वाव कमी.”

मुलींना हे पटायला आठवडा लागला. दाराशी फडकं पिळणाऱ्या मावशींना लगेच पटलं. त्या म्हणाल्या, “सर, सासूबाईंशी वाद होतो तेव्हा मी हेच करते. कमी बोलायचं. त्यांना दहा वाक्यं मिळाली तर त्या दहाही जिंकतात. दोनच मिळाली तर एखादं माझंही बसतं.”

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो बलाढ्य संघ हॉल बघायला आला, तासभर खेळला आणि गेला. मावशी पुसायला लागल्या आणि बास्केटपासून दोन पावलांवर थांबल्या. तिथे एक काळा गोल डाग उठला होता, पायाच्या चवड्यावर गिरकी घेतल्याचा, आणि त्यातून टाचेचा लांब ओरखडा एकाच बाजूला गेला होता. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. दुसऱ्या बाजूला फरशी कोरी करकरीत. एवढ्या मोठ्या पायाचा बूट मनोऱ्याशिवाय कुणाचा असणार? मावशी फडकं तिथेच टाकून प्रयोगशाळेत गेल्या.

“सर, ती उंच पोरगी बास्केटकडे पाठ करून चेंडू घेते ना, ती दरवेळी डावीकडेच वळते. उजवीकडे एकदाही गेलेली नाही.”

“नक्की?”

“बावीस वर्षं पुसतेय मी.”

सरांनी हातातली परीक्षानळी ठेवली आणि चिमणीला बोलावून घेतलं. ठरलं असं, की मनोऱ्याकडे चेंडू गेला की चिमणीने धावत येऊन तिच्या डाव्या बाजूला आधीच पाय रोवून उभं राहायचं. मग ती वळून आदळली, तर नियमाप्रमाणे फाउल तिचाच.

सामन्याच्या दिवशी घरातून निघताना सासूबाई म्हणाल्या, “हरल्या तरी तोंड पाडून येऊ नकोस. भाजी करपते तुझ्या हातून.” ही त्यांची शुभेच्छा देण्याची पद्धत होती.

पहिल्या अर्ध्यात मात्र सगळं मुसळ केरात गेलं. वीस सेकंद चेंडू फिरवणं मुलींना जमत होतं, पण मनोऱ्याकडे चेंडू गेला की चिमणी जिवाच्या आकांताने डावीकडे धावायची आणि मनोरा आरामात उजवीकडे वळून चेंडू जाळीत ठेवायची. एकदा नाही, आठ वेळा. जणू चिमणी तिला वाट मोकळी करून द्यायलाच धावत होती. मध्यंतराला फलक होता एकोणीस विरुद्ध एकतीस. प्राचार्य पहिल्या रांगेत घड्याळ बघत होते.

मावशी फडकं घेऊन फरशीवर उतरल्या तेव्हा त्यांना मान वर करवेना. आपण सांगितलं म्हणून झालं हे. त्या बास्केटच्या खांबापासून मागे सरकू लागल्या. पुन्हा तोच काळा गोल, पुन्हा तोच ओरखडा, त्याच बाजूला! मग चुकलं कुठे?

चिमणी तिथे आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं. “मावशी, तुम्ही सांगितलं तशीच उभी राहत होते मी. हे बघा.” ती त्या काळ्या डागावर बास्केटकडे पाठ करून, मावशींकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने डावा हात लांब केला.

हात कोऱ्या फरशीकडे गेला. ओरखडा राहिला दुसऱ्या बाजूला.

मावशींनी त्या हाताकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. “अगं बाई! मी बास्केटकडे तोंड करून पुसते. ती पाठ करून खेळते. माझं डावं म्हणजे तिचं उजवं!”

मागून सर धावत आले. मावशी म्हणाल्या, “सर, चूक माझी. मी तुमच्या पोरींना खड्ड्यात घातलं.”

सरांनी ऐकलं आणि ते चक्क हसायला लागले. “अहो, आरशातली डावी-उजवी रचना! बारा वर्षं मी मुलांना हेच शिकवतोय. दरवर्षी मुलं चुकतात आणि दरवर्षी मी ओरडतो. आणि तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, की मावशी, कुणाचं डावं?” मग ते चिमणीकडे वळले. “आता उजवीकडे. आणि एक गोष्ट लक्षात घे, ती मुलगी आता गाफील आहे. तू चुकीच्याच बाजूला येणार अशी तिची खात्री झाली आहे.”

चिमणीने बाहीला नाक पुसलं. मावशींना ते एरवी चाललं नसतं. त्यांनी उरलेली फरशी पुसली, मग भिंतींच्या कडेनेही भराभर एक हात फिरवला, आणि शिट्टी व्हायच्या आत दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या अर्ध्यात पहिल्यांदाच चेंडू आला तशी मनोरा उजवीकडे वळली आणि आधीच रोवलेल्या चिमणीवर धाडकन आदळली. पंचांनी शिट्टी फुंकली. फाउल मनोऱ्याचा! पुढच्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मनोऱ्याने शहाणपणाने डावीकडे वळून बघितलं, पण त्या पायावर वळायची तिला सवयच नव्हती. चेंडू तिच्याच गुडघ्याला लागून बाहेर गेला. इकडे आमच्या मुली वीस सेकंद चेंडू फिरवायच्या आणि मग टाकायच्या. ते बघून समोरचा संघ चिडला, घाई करू लागला, आणि घाईत धाडधाड चुकू लागला. बारांचे आठ झाले, आठांचे तीन झाले. मावशींनी हातातलं फडकं इतकं पिळलं, की त्यातलं उरलंसुरलं पाणी त्यांच्याच चपलेत गेलं.

शेवटचे नऊ सेकंद. चव्वेचाळीस विरुद्ध त्रेचाळीस, आणि पुढे आमच्या मुली! पण चेंडू समोरच्या संघाकडे. तो कुठे जाणार हे शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या प्राध्यापकांनाही माहीत होतं. मनोऱ्याने उंच उडी मारून चेंडू घेतला. अंगी मुरलेली खोड अशा वेळीच वर येते. ती उजवीकडे वळली.

चिमणी तिथे होती. दोन्ही पाय रोवलेले, हात छातीशी, डोळे गच्च मिटलेले. धडक बसली आणि ती पाठीवर पडून मावशींच्या ओलसर पुसलेल्या फरशीवरून हातभर घसरत गेली. शिट्टी झाली. पंचांचा हात कुणाकडे जातो ते बघायला अख्खा हॉल उठून उभा राहिला. हात मनोऱ्याकडे गेला. चेंडू आमचा, आणि सेकंद उरले चार. तेवढे चार सेकंद चेंडू फिरवणं या मुलींना झोपेतही जमलं असतं.

मग काय विचारता! सरांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला आणि सर तसेच, काही न दिसता, भेटेल त्याला मिठी मारत सुटले. त्यांनी समोरच्या संघाच्या प्रशिक्षकालाही मारली. मनोरा स्वतः चिमणीला हात देऊन उठवत म्हणाली, “तू उजवीकडे येशील असं वाटलंच नव्हतं गं.” चिमणी म्हणाली, “मलाही नव्हतं.” मावशी दारामागे उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या, आणि रडण्यात त्यांना इतकं बरं वाटत होतं, की त्या थांबायचं नावच घेईनात.

गर्दी ओसरल्यावर त्या नेहमीप्रमाणे बास्केटच्या खांबापासून मागे मागे येऊ लागल्या. प्राचार्य तिथे आले. त्यांचाही आवाज ओरडून बसला होता, पण तोंडावर पद सांभाळलेलं होतं.

“मावशी, हॉल हॉलच राहणार. आता त्या खडूच्या खुणा पुसून टाका.”

“कुठल्या खुणा, साहेब?”

प्राचार्यांनी भिंतीच्या कडेने नजर फिरवली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी लख्ख होती. अकरांतली एकही चौकट शिल्लक नव्हती.

“कधी पुसल्यात?”

“मध्यंतरात.”

“मध्यंतरात? अहो, तेव्हा तर आपण बारांनी मागे होतो!”

“होतो ना,” मावशी म्हणाल्या. “पण म्हटलं, फडकं आपल्या हातात आहे तोवर पुसून घ्यावं.”