एका पानात बसवलेलं घराणं

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की तुमच्या आईकडे असलेल्या आपल्या जाड कुलवृत्तांतात तिचं नाव का नाही. एका आडनावाच्या सगळ्या घरांची वंशावळ छापलेलं ते पुस्तक. शाळेसाठी फॅमिली ट्री करायचा होता आणि तुम्ही पानं उलटून दमलात. मी म्हटलं, लिहून कळवते. कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती क्रमानं सांगायला हवी.

ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं होती. आम्ही अमेरिकेत, नोव्हाय गावाजवळ एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा मोटारींच्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर होते. त्या हिवाळ्यात त्यांचा ले-ऑफ झाला, नोकरी गेली. तुमची आई तेव्हा नऊ वर्षांची. आजोबांनी ठरवून टाकलं होतं: जूनमध्ये शाळा संपेपर्यंत आमच्या दोघांपैकी एकाला पक्की नोकरी लागली तर राहायचं, नाही तर सांगलीला परत. मला परत जायचं नव्हतं. मामंजींच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी, ‘दुसऱ्याचा विचार केलात का’ ही ओळ असायची, आणि ते दुसरं म्हणजे मुलगा हे सांगावं लागत नव्हतं. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती, तिचा फॉर्मही त्यांनी पाठवला होता. ‘पुत्र’ या शब्दाखाली एक ते चार आकडे घातलेल्या कोऱ्या ओळी. तो फॉर्म फ्रिजवर पडून होता.

मार्चमध्ये मला पाऊण तासावरच्या एका विद्यापीठात, इतिहासाच्या विभागात टायपिस्टचं काम मिळालं. तीन महिने बघू, मग पक्कं करू, अशा बोलीवर. ज्या प्रोफेसरांचं पुस्तक टाइप करायचं होतं, त्यांनी माझ्या आधीच्या दोघींना तीन महिने पुरे करू दिले नव्हते. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायचे, आणि ती पट्टी थांबली की चूक सापडली असं समजायचं.

त्यांचं पुस्तक होतं सॅव्हॉयच्या काउंटांवर. आल्प्सच्या डोंगरात, फ्रान्स आणि इटलीच्या मधल्या घाटवाटा अडवून बसलेलं मध्ययुगातलं घराणं. कोणानंतर गादीवर कोण बसलं आणि का, एवढाच पुस्तकाचा विषय. मला तो आवडला. एक काउंट मूलबाळ न होता गेला, तर काका बसला. काकानंतर त्याचा भाऊ, जो चर्चमध्ये मोठ्या पदावर चढलेला होता, तो झगा उतरवून आला आणि त्यानं लग्नही केलं. त्याच्यानंतर पुतण्या, आणि तोही थोरल्या पुतण्याच्या मुलांना बाजूला सारून. आमच्याकडच्या जहागिरीच्या भांडणांसारखंच होतं सगळं, फक्त बर्फ जास्त.

मे महिन्यात प्रोफेसरांनी मला वंशावळीचा तक्ता दिला. चिकटपट्टीनं जोडलेले अकरा कागद, पेन्सिलीची बारीक अक्षरं. “हे सगळं एका घडीच्या पानात बसलं पाहिजे,” ते म्हणाले. “तुमचा हात सुबक आहे. काय ठेवायचं, काय गाळायचं ते तुम्ही बघा.” आणि ते आठवडाभरासाठी एका परिषदेला गेले.

मी चार दिवस लावले. ट्रेसिंग पेपर, काळी शाई, रेघा पट्टीच्या. पहिल्यांदा बसेना. दुसऱ्यांदा बसलं. किती मोकळं दिसत होतं ते पान. मंगळवारी सकाळी, प्रोफेसरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे, ते मी कुरिअरनं थेट प्रकाशकाकडे पाठवलं आणि एक झेरॉक्स घरी आणून भिंतीवर लावली.

बुधवारी दुपारी मी सहावं प्रकरण टाइप करत होते. एक काउंट वारला. त्याला एकच मुलगी. ती पुढे ब्रिटनीच्या ड्यूकची बायको झाली. सरदार जमले आणि म्हणाले, घरात पुरुष असेपर्यंत गादी बाईकडे जात नाही. त्यांनी त्या काउंटाच्या धाकट्या भावाला बसवलं. मुलगी आणि तिचा नवरा कितीतरी वर्षं हक्क सांगत राहिले. प्रोफेसरांच्या पुस्तकाचा सगळा भार या मुलीवर होता. खाली लिहिलेलं होतं: तक्ता पाहा.

माझी बोटं टाइपरायटरवरच थांबली. मी गाळलं काय होतं ते मला एकदम कळलं. मुली. एकूण एक. आमच्या वंशावळीत मुलींची रेघ काढतच नाहीत, त्या लग्न होऊन दुसऱ्या झाडावर जातात. मी विचारसुद्धा केला नव्हता. आणि ज्याला फक्त मुलगीच होती, त्याच्या नावाखाली मी वंश संपल्याची छोटी फुली मारली होती. त्या काउंटाखाली मारली होती. गादी भावाकडे सोपवून गेलेल्या त्या काकाखालीही मारली होती, कारण त्यालाही मुलगीच होती.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते उठून भिंतीवरच्या झेरॉक्ससमोर गेले.

“प्रोफेसर कधी येणार?”

“उद्या. आणि शुक्रवारी माझ्या पक्क्या नोकरीच्या फॉर्मवर सही करणार आहेत.”

“मग शुक्रवार होऊ दे. सही होऊ दे. सोमवारी सांग, आता लक्षात आलं म्हणून.”

“अहो, ते विचारतील कधी लक्षात आलं ते.”

“तर सांग, ‘आजच, सोमवारी’. कोण बघायला येतंय?” मग म्हणाले, “मला सांगलीचं तिकीट काढायला आवडणार आहे असं समजू नकोस.”

खरं सांगते, मला त्यांचं पटलं होतं. गुरुवारी गाडी चालवताना मी सोमवारी बोलायची वाक्यं जुळवत होते. ऑफिसात गेले तर प्रोफेसर सहावं प्रकरण घेऊन बसले होते, पट्टी ओळीखाली. ती पट्टी सरकत सरकत त्या मुलीकडे चालली होती. मी कोटही न काढता सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पट्टी खाली ठेवली.

“तीनशे पानं मी हे दाखवतोय, की सरदारांना तिला पुसून टाकायला किती वर्षं लागली,” ते म्हणाले. “तुम्हाला चार दिवस पुरले.”

मी कोट काढून हातावर घेतला.

“जागेसाठी गाळल्या?”

“नाही. म्हणजे, मला वाटलं जागेसाठी. पण माझ्या घरच्या पुस्तकात नसतात त्या. मला त्या दिसल्याच नाहीत.”

“तुम्हाला मुलं?”

“एक मुलगी.”

त्यांनी प्रकाशकाला फोन केला. तक्त्याची छपाईची प्लेट अजून झाली नव्हती. सोमवार दुपारपर्यंत नवा पाठवला तर चालणार होतं. माझा फॉर्म त्यांनी टेबलावरून उचलला आणि खणात ठेवला. “हाही सोमवारी बघू.”

शनिवारी सकाळी मी जेवणाचं टेबल मोकळं केलं. आजोबांनी ले-ऑफ झाल्यापासून आपल्या ड्रॉइंग बोर्डाला हात लावला नव्हता. मी बसलेली पाहून ते दोनदा मागून फिरून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, “अशा रेघा ओढत राहिलीस तर पान फाडून टाकशील. ऊठ.” आणि कपाटामागून बोर्ड काढला.

तुमची आई खुर्चीवर गुडघे टेकून अकरा कागदांवरची नावं वाचत होती, मी अक्षरं लिहीत होते, आजोबा रेघा ओढत होते. रविवारी दुपारपर्यंत हेच.

“यांना एवढ्या मुली कशाला?” आजोबा कुरकुरले. “तुझ्या काउंटांनी जरा विचार करायचा.”

“तुमच्या मोटारीला चार चाकं कशाला, तसंच.”

तुमच्या आईनं एका नावावर बोट ठेवलं. “अँड धिस वन? शी गेट्स अ लाइन टू?”

ती ब्रिटनीवाली होती. आजोबांनी पेन उचललं, निब पुसली, पुन्हा शाईत बुडवली. “गेट्स अ लाइन,” ते म्हणाले.

पान पहिल्यासारखं मोकळं राहिलं नाही. काही रेघा दोन दोन वळणं घेऊन गेल्या.

सोमवारी सकाळी मी प्रोफेसरांच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी बसा म्हटलं नाही. पट्टी वरून खाली निघाली, प्रत्येक नावाखाली थांबत, शेजारच्या अकरा कागदांशी ताडत. वीस मिनिटं तरी गेली असतील. मी फक्त पट्टी बघत होते. त्या काउंटापाशी आली. फुली नव्हती. रेघ होती. पट्टी तिथून हलेना.

“ही रेघ बाकीच्यांपेक्षा जाड आहे.”

मला ते तोपर्यंत दिसलं नव्हतं. “माझ्या नवऱ्यानं काढली आहे. खोडून पुन्हा काढू?”

“नको.” पट्टी पुढे गेली. शेवटच्या नावापर्यंत जाऊन त्यांनी पान गुंडाळून माझ्या हातात दिलं, कुरिअरसाठी. मग खण उघडून फॉर्म काढला, सही केली, आणि सातवं प्रकरण कधी मिळेल ते विचारलं.

घरी येऊन आजोबांना रेघेबद्दल विचारलं. म्हणाले, निब बिघडली होती. त्याच आठवड्यात त्यांनी फ्रिजवरचा फॉर्म खाली घेतला आणि ‘पुत्र’ खोडून तुमच्या आईचं नाव लिहून सांगलीला धाडला.

कुलवृत्तांत छापून आला तो तुमच्याकडे आहे. आजोबांच्या नावाखाली काय आहे ते तुम्ही पाहिलंच आहे. फुली. आजोबांनी संपादकांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मी विद्यापीठातल्या त्या नोकरीत एकोणीस वर्षं होते.

सोबत माझ्या हातानं काढलेला एक कागद पाठवते. त्यात तुमची आई आहे, तिच्या खाली तुम्ही दोघं आहात, आणि माझ्या माहेरच्या, आजोबांच्या आजोळच्या, जेवढ्या बायका मला आठवल्या तेवढ्या आहेत. शाळेत तो दाखवा आणि मग त्या पुस्तकात ठेवून द्या. चार घड्या घालाव्या लागतील. एका पानात बसवायचा मी या वेळी प्रयत्न केलेला नाही.