रिकाम्या हाताची हजेरी

पोळ्याच्या सणाला मी माझ्या दाजींच्या घोडीला टोपलंभर पुरणपोळ्या चारल्या. ती उपाशी होती म्हणून नव्हे, कुणी सांगितलं म्हणूनही नव्हे. दाराशी बैल नव्हता आणि टोपल्यात पोळ्या होत्या, एवढंच कारण.

गेल्या महिन्यात अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, भरदुपारी फोन आला तेव्हा मी सिरसाळ्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओत एका बाळाला हसवण्यासाठी खुळखुळा वाजवत होतो. एरवी अक्का फोनवर बोलते ती फोनशिवायही सिरसाळ्यात ऐकू येईल अशी. त्या दिवशी आवाज बारीक. "बबन, तुझे दाजी गेले... जेवून बाजेवर टेकले, ते उठलेच न्हाईत." खुळखुळा मी तसाच वाजवत राहिलो. अक्का म्हणाली, "लवकर ये. आन् येताना घोडीला काई आणू नको." नवरा जाऊन तास झाला नव्हता, तरी तिला ते सांगावंसं वाटलं. आमच्या घराण्यात माझी ही ख्याती आहे.

दाजींचं शेत धारूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला. ऊस, सरकी, कधी कांदे. ट्रक सुटल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, दाजी एका यात्रेतून घोडी घेऊन आले. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, नाव शेवंती. बैल तोवर विकले गेले होते, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालायची. शेजारचा एकजण म्हणाला, "दाजी, ही काय नांगर वढणार हाय का?" दाजी म्हणाले, "ट्रॅक्टर हाक मारल्यावर मान वळवतो का? न्हाई ना? मग." दाजींचा प्रत्येक वाद असा 'मग'वर संपायचा. त्यापुढं बोलायला समोरच्याकडं काही उरायचं नाही, आणि उरलंच तर दाजी तिथं उरायचे नाहीत.

त्यांची एक रीत होती. सकाळी चारा टाकण्याआधी ते शेवंतीच्या नाकापुढं रिकामा तळहात धरायचे. ती हुंगायची, फुर्र करायची, हात ओला व्हायचा. "झाली हजेरी," म्हणायचे, आणि मग चारा. मी एकदा म्हणालो, "दाजी, हातात गुळाचा खडा तरी ठेवा. बिचारीला फसवता कावून?" त्यावर त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. ट्रकवाला सायकलवाल्याकडं पाहतो तसं.

तर तो पोळा. मी सणाला अक्काकडं आलो होतो. दाजी नांदूरघाटला एका सोयऱ्याच्या दहाव्याला गेले होते आणि मला स्टुडिओच्या काचेत लावायला सणाचा झकास फोटो हवा होता. बैलाचं जे जे करतात ते मी घोडीचं करायचं ठरवलं, आणि एकदा ठरवलं की मी अर्धवट काही करत नाही, हे माझं दुर्दैव. आदल्या संध्याकाळी तिच्या खांद्याला लोणी-हळद चोळली, पळसाची डहाळी फिरवली आणि रीतसर आवतनही दिलं... "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड लावायची वेळ आली, तेव्हा घोडीला शिंगं नसतात हे ध्यानात आलं. मी ती कानांना लावली. मग टोपलं पुढं ठेवलं. अक्काला वाटलं, पोळ्या शेजारच्या बैलांना चालल्यात. शेवंती आवतनाला जागली. शेवटची पोळी संपल्यावर तिनं टोपलंही चाटलं. फोटो अप्रतिम आला. अजून कुणाला दाखवायची सोय नाही.

दिवस मावळायच्या आत ती आपल्याच पोटाकडं वळून वळून पाहू लागली. पाय आपटायची, बसायची, उठायची, अंगावरून घाम नुसता ओघळत होता. दाजी आले, त्यांनी टोपलं पाहिलं, बेगड पाहिली, मला पाहिलं आणि आधी डॉक्टरांना फोन लावला. गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. त्या वेळी वरच्या ओठाला दोरीचा फास घालून घोडी जखडून धरावी लागते. तो फास धरायला कोण? मी. म्हणजे पोळी देणारा हातही माझा आणि फास आवळणाराही माझा. घोडीनं काय समजायचं ते समजून घेतलं.

पोट मोकळं झालं, पण तिसऱ्या दिवशी खूर तव्यासारखे तापले. पुढचे पाय पुढं काढून, सगळा भार मागं टाकून ती जागच्या जागी उभी. डॉक्टर म्हणाले, "गोड आणि डाळ अति झालं की घोड्याच्या पायात उतरतं. पुन्हा नीट चालेल की नाही, आत्ता सांगता येत नाही." येणारा-जाणारा सल्ला देऊन जायचा, फिरवा तिला, पाय मोकळे होतील. डॉक्टरांनी तेवढंच बजावून नको म्हटलं होतं. एकजण तर म्हणाला, "विकून टाका दाजी, आता ही कामाची न्हाई." दाजी म्हणाले, "आदुगर तरी कुठं कामाची होती? मग."

मला वाटलं होतं, दाजी मला हाकलतील. हाकललं असतं तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी कुठं जायचं न्हाई. जेवायला बोलावलंय ना तुमी तिला? पाहुणी बरी हुईस्तोवर यजमानानं हालायचं नसतंय." स्टुडिओला कुलूप लागलं. मोटारीचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ आम्ही उथळ खड्डा खणला, त्यात गार पाणी सोडून तिला उभं करायचो. गोठ्यात ओढ्याची वाळू इतकी टाकली की माझे पाय घोट्यापर्यंत रुतायचे. धान्य बंद, गवत भिजवून, निथळून, थोडं थोडं. पुढं नालबंद आला, वाढलेले खूर हलक्या हातानं कापून गेला. पाय हळूहळू निवले. मन मात्र निवलं नाही. मी दिसलो की तिचे कान मागं चिकटायचे, आणि एकदा तिनं माझ्या दंडाचा असा चावा घेतला की निळी-जांभळी खूण मी कितीतरी दिवस लोकांना 'सायकलवरून पडलो' म्हणून दाखवली. वाईट एवढंच की तिनं दाजींच्याही हातावर नाक ठेवणं सोडलं होतं. ते सकाळी तळहात धरायचे, ती तोंड फिरवायची. दाजी "बरं," म्हणून हात धोतराला पुसायचे. ओला झालेला नसायचा, तरी पुसायचे.

मी गाजर आणलं, तिनं पाहिलं नाही. हरभऱ्याचा पाला आणला, तो दाजींनी कंपाऊंडबाहेर फेकला. म्हणाले, "तुमाला देयाची लई घाई. समद्या जगाला वाढत सुटता. तिला काय पायजे, इचारलं का एकदा तरी? उद्यापासून हात मोकळे घेऊन यायचं, तिच्याकडं पाठ करून बसायचं. बास."

"पाठ करून? आणि तिनं लाथ मारली तर?"

"तर कळंल, ती ठणठणीत झाली."

मग मी वाळूत पाठ करून बसू लागलो. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून पेपर मोठ्यानं वाचायचो. कापसाचे भाव, राशिभविष्य, लग्नाच्या जाहिराती. लांबून दाजी ओरडायचे, "तिला स्थळ बघताय का पाव्हणं?" दिवाळी मागं पडली. एका सकाळी वाचता वाचता मानेवर ऊन श्वास लागला. मी हललो नाही. एक मऊ, ओलसर नाक कॉलरमधून आत आलं, मग खांद्यावरून खाली, मग पेपरचा कोपरा गेला, राशिभविष्यासकट. मी सावकाश तळहात उलगडला. रिकामा. तिनं तो हुंगला आणि फुर्र केलं. मागून दाजी नुसते खाकरले. त्या खाकरण्याएवढी शाबासकी मला आयुष्यात मिळालेली नाही. पुढच्या महिन्यांत ती नांगरलेल्या रानात चालली, मग दुडक्या चालीनं पळाली. दाजींच्या हातावर तर दुसऱ्याच सकाळी नाक आलं. त्यांनी तो हात त्या दिवशी पुसला नाही.

...दाजी गेल्यावर ती चाऱ्याला नुसतं तोंड लावायची. कुंपणापाशी उभी, तोंड बाजेकडं. भाचा पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "मामा, मला परत जावं लागेल. आईचे गुडघे असे. हिला कुणीतरी चांगला माणूस बघून देऊ." तेराव्याच्या सकाळी मी गोठ्यात गेलो. कॅमेरा घरात, खिशात काही नाही. पाठ करून बसलो. पेपर नव्हता, म्हणून गप्प बसलो, तेही जमलं. मग उठून, दाजी धरायचे तसा, तळहात धरला. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हात हुंगला, मनगट, बाही... फुर्र. तळहात ओला झाला. मी गवत टाकलं, आणि तिनं पहिला तोंडभर घास घेतला. तो चावतानाचा आवाज मी डोळे मिटून ऐकला.

हल्ली मी एक दिवसाआड सिरसाळ्याहून मोटारसायकलवर जातो. मधल्या दिवशी अक्का काठी टेकत जाऊन हजेरी घेते. शेवंती कुणाला द्यायचा विषय आता कुणी काढत नाही. परवा तिनं हात हुंगून झाल्यावर नाक माझ्या छातीला लावलं, सदऱ्यावर घासत राहिली. गोठ्याच्या दारात अक्का उभी होती. म्हटलं, "बघ अक्का, शेवटी केलंच की नाही तिनं मला माफ?"

अक्का म्हणाली, "माफ कशाचं रं येड्या, खिसा हुंगतीय ती. अजून पोळी इसरली न्हाई."