शोभाताईंचा मोतिया

११ फेब्रुवारी २०२५ रोजी शोभाताई पौनीकर यांनी धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बासष्ट हजार पाचशे रुपये भरले. पावती हातात पडल्यावर त्यांनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली, उलटून पाहिली आणि माझ्याकडे दिली.

"मुनीमजी, वाचा बरं. तुम्ही बी.कॉम. आहात. यात लेझर लिहून आहे का?"

"आहे."

"नुसतं लिहूनच असंन," त्या म्हणाल्या आणि पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

महाल भागात आमचे मॅचिंग सेंटर आहे. साडीला जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, एवढेच विकतो. मी तिथे हिशेब लिहितो आणि पुढच्या वर्षी घरी बसणार आहे. शोभाताई पुढच्या काउंटरवर असतात. त्यांचे वडील तांडापेठेत हातमागावर विणायचे. लहानपणी बॉबिनी भरता भरता त्यांना रंगांची जी ओळख झाली, तिच्यावरच त्यांनी नवरा गेल्यानंतर मुलगी वाढवली आणि तिचे लग्न केले. बाई साडी घेऊन आली की शोभाताई पदर दोन बोटांत धरतात, हात वर जातो आणि नेमका पीस खाली येतो. आमच्या धंद्यात रंगाची शंका आली की कापड दुकानाच्या उंबरठ्यावर नेऊन उन्हात पाहायची रीत आहे. शोभाताई उंबरठ्यावर जात नाहीत. "उंबरठ्यावर नवीन पोट्टे जातात," असे त्या म्हणायच्या.

भरवसा हा त्यांचा गुण नव्हे. दूधवाल्याचे माप, ऑटोवाल्याचे मीटर, माझी बेरीज, सगळे त्या तपासून घेतात. चहात साखर कमी असली तर चहावाल्याने ती घरी नेली असे त्यांना वाटते. फक्त एका गोष्टीवर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती, ती म्हणजे स्वतःची नजर.

मागच्या डिसेंबरात सावनेरहून गोपिका बागडे नावाच्या एक शिक्षिका आल्या. आठवड्यापूर्वी त्यांनी शाळेच्या कार्यक्रमासाठी पांढऱ्या साडीवर पीस नेला होता. तो त्यांनी काउंटरवर ठेवला.

"ताई, मी पांढरा मागितला होता. हा मोतिया आहे."

मोतिया म्हणजे मोत्यासारखा, किंचित पिवळसर पांढरा. शोभाताईंनी पीस पाहिला, साडी पाहिली.

"पांढराच आहे वं. तुह्या घरचा बल्ब पिवळा असंन."

"दिवसा पाहिला मी. चला उंबरठ्यावर, दाखवते."

"पांढऱ्यासाठी मी उंबरठ्यावर येऊ? काळ्यासाठी म्हटलं असतं तर एक बात होती."

"मग वापस घ्या."

"कापलेला पीस वापस होत नाही, पाटी लावून आहे. वाचता येते ना मास्तरीणबाईले?"

बाईंनी पीस तिथेच टाकला आणि निघून गेल्या. शोभाताईंनी तो उचलला, झटकला आणि मला म्हणाल्या, "कार्यक्रम झाला असंन तिचा. आता पैसे वापस पाह्यजे."

पण अशी ती एकटी बाई नव्हती. निळ्यावर काळा गेला, जांभळटावर राखाडी गेला. आमचा मालक जितेंद्र वयाने लहान आहे, शोभाताईंना मावशी म्हणतो. जानेवारीत त्याने मान खाली घालूनच सांगितले, "मावशी, पाडव्यापासून तुम्ही मागं फॉलकडे बसा. इथं ती नवीन पोरगी, रितिका, बसंन."

मागे म्हणजे दुकानाच्या पोटात, जिथे फॉल मोजून देणे एवढेच काम. तिथे रंग ओळखायची गरज पडत नाही, ग्राहक फॉलचा नंबर सांगतो.

शोभाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आधी त्यांनी ट्यूबलाइटवर संशय घेतला, मग मिलवाल्यांच्या रंगावर, मग रितिका जितेंद्रच्या बायकोच्या नात्यातली असेल यावर. ती नव्हती. शेवटी एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना त्या मध्येच थांबल्या. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती फुलझडी पेटल्यासारखी दिसते म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना दवाखान्यात नेले. त्यांची मुलगी अश्लेषा तेव्हा बाळंतपणाला टेकली होती, म्हणून सोबत मीच.

डॉक्टर उन्नती पस्तिशीच्या असतील. त्यांनी तपासले आणि सांगितले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा आधी करू. मोतीबिंदूलाही आमच्याकडे मोतियाच म्हणतात.

"पण मोतिया पिकला का?" शोभाताईंनी विचारले. "पिकल्याशिवाय काढत नाही म्हणतात."

"मावशी, ते संत्रं आहे का पिकायची वाट पाहायला? जास्त पिकला की कडक होतो, काढायला त्रास होतो. तुमच्या कामात अडथळा येतोय ना? मग वेळ झाली."

मग त्यांनी दोन पद्धती सांगितल्या. साध्या पद्धतीत बारीक छेद हाताने घेतात आणि आतला गढूळ झालेला भाग मशीनने फोडून ओढून घेतात. लेझरमध्ये छेद, वरच्या पातळ पडद्याला गोल खिडकी आणि गढूळ भागाचे तुकडे, एवढे लेझर करते. पुढे ते तुकडे ओढून घेणे आणि नवी लेन्स बसवणे डॉक्टरच करतात. टाके दोन्हींत सहसा लागत नाहीत, घरी त्याच दिवशी जायचे. लेझरचे पैसे दुपटीहून जास्त.

"फरक काय पडतो?" मी विचारले.

"लेझरचा छेद मोजून होतो. पण तुमच्यासारख्या डोळ्यात शेवटी नजर जवळपास सारखीच येते. मी साधी करा म्हणेन. आणि कोणतीही केली तरी जवळचं वाचायला चष्मा लागेल, ते आत्ताच सांगते."

बाहेर आल्यावर आम्ही जिना उतरू लागलो. दुकानात आयुष्य काढलेला माणूस एका ठरावीक दिशेनेच विचार करतो. दुकानदार स्वस्त माल कधी पुढे करतो? महाग माल संपलेला असतो तेव्हा.

"मशीन बिघडून असंन," शोभाताई म्हणाल्या.

"किंवा त्यांना अजून चालवता येत नसेल," मी म्हणालो.

"मी लेझरच करीन."

"एवढा फरक नाही म्हणाल्या ना त्या."

"तुम्ही हिशेब लिहिता, कापड नाही पाहत. लेझर कटची किनार कधी उसवलेली पाह्यली का?"

तेव्हा मला उलगडा झाला. सिंथेटिक कापड लेझरने कापले की कड वितळून बंद होते, धागा निघत नाही. कात्रीने कापलेल्या पिसाची कड मात्र दोन धुण्यांत उसवते. गेली काही वर्षे शोभाताई ग्राहकांना हेच सांगून लेझर कटचा माल विकत आल्या होत्या. डोळ्याचा छेदही उसवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी समजावून पाहिले. त्यांनी भिशी उचलली, सोन्याची एक बांगडी ठेवली आणि पैसे भरले.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले. मी बाहेर बसलो होतो. तासाभरात त्या डोळ्यावर पट्टी लावून, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आल्या. चेहरा मात्र पडलेला. ऑटोत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मुनीमजी, फसवलं."

"दुखलं का?"

"नाही ना! थेंब टाकले, डोळा बधिर केला. मग डोळ्यावर काहीतरी वाटीसारखं दाबलं, जरा अंधार झाला, मशीन गुणगुणली. मिनिटभर बी नाही. मग दुसऱ्या खोलीत नेलं. तिथं डोळ्यापुढे नुसते रंगीत दिवे, पाणी मारून राहिले, ती बाई बोलून राहिली, 'हलू नका मावशी, झालंच.' सगळं झालं."

"मग फसवलं कसं?"

"वास कुठं आला?"

"कसला वास?"

"जळल्याचा! लेझर कट होते तेव्हा कारखान्यात कसा वास सुटते? नाकाजवळ डोळा आहे माझा. मले वास येणार नाही का? ब्लेडच मारलं. लेझर फक्त पावतीवर."

मला हसू यायला हवे होते, पण आले नाही. मिनिटभराच्या गुणगुणीचे एवढे पैसे, ही गोष्ट मलाही पटत नव्हती. मी त्यांना म्हणालो, उद्या पट्टी काढताना मी विचारतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बुबुळाच्या कडेने पांढऱ्या भागावर लाल चट्टे होते, अर्धगोल, बांगडीचा वळ उठावा तसे. शोभाताईंनी आरशात पाहिले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हे रगत काहून?"

"लेझरच्या वेळी डोळा हलू नये म्हणून जी रिंग दाबून बसवतात ना, तिचा वळ आहे. दोनेक आठवड्यांत जाईल. साध्या ऑपरेशनला ती रिंग लागत नाही."

मी वासाचे विचारले. डॉक्टर उन्नती आधी हसल्या, मग नीट सांगितले. ही लेझर जाळत नाही. प्रकाशाचे अतिबारीक ठिपके एकाला एक लावून मारते, पोस्टाच्या तिकिटांमध्ये भोकांची रेघ असते तशी. वितळत काही नाही, म्हणून वासही नाही आणि बंद झालेली कडही नाही. छेद आपोआप मिटून भरून येतो, लेझरचाही आणि ब्लेडचाही.

"म्हणजे किनार दोन्हींची सारखीच?" शोभाताईंनी विचारले.

"जवळपास."

शोभाताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "झालं! गेली बांगडी." आणि मग डॉक्टरांकडे टक लावून पाहू लागल्या. उजवा डोळा झाकला, डावा झाकला, पुन्हा उजवा.

"बाई, तुमचा कोट निळा काहून आहे?"

"पांढरा आहे, मावशी."

"या नव्या डोळ्यानं निळसर दिसते. या जुन्यानं बरोबर दिसते. मुनीमजी, मी सांगितलं होतं ना! काच निळी बसवली. रंगाचं काम करते मी, बाई. माझा धंदा बसवला तुम्ही!"

आवाज बाहेरपर्यंत गेला असेल. डॉक्टर म्हणाल्या, लेन्सला निळा रंग नाही. जुना डोळा मोतीबिंदूने पिवळ्या पडलेल्या काचेतून पाहत होता, म्हणून पांढरा आता निळसर वाटतो. थोड्या दिवसांत सवय होईल. थेंब वेळच्या वेळी टाका, डोळा चोळू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका. दुखले किंवा नजर अंधुक झाली तर लगेच या.

"असंच सांगतात," शोभाताई जिन्यात म्हणाल्या. "चूक त्यांची, अन् डोळा माझा खराब."

दोन आठवड्यांनी त्या काळा चष्मा लावून दुकानात आल्या. पाडवा महिनाभरावर होता. जितेंद्रने मागच्या फॉलकडे स्टूल ठेवून घेतले होते. शोभाताईंनी ते पाहिले. आल्या आल्या त्यांनी आपल्या काउंटरमागची पांढऱ्याची थप्पी काढली. त्यांना जितेंद्रसमोर सिद्ध करायचे होते की दवाखान्याने त्यांच्या डोळ्यात निळी काच बसवली. म्हणजे दोष नजरेचा नाही, डॉक्टरांचा.

"जितू, इकडे ये. ही थप्पी कोणत्या रंगाची?"

जितेंद्र गल्ल्यावरून उठून आला.

"पांढरी ना? आता पाहा, मले निळसर दिसीन."

त्यांनी चष्मा काढला, डावा डोळा तळव्याने झाकला आणि थप्पीकडे पाहिले. थोडा वेळ पाहत राहिल्या. मग थप्पी छातीशी धरून उंबरठ्यावर गेल्या. त्यांना तिथे उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले.

मीही मागून गेलो. ऊन लख्ख होते. निळ्या काचेतून पाहिले असते तर सगळी थप्पी निळसर झाली असती. पण थप्पीत पट्टे होते. पांढरा, पांढरा, मोतिया, पांढरा, मोतिया, मोतिया. आम्हा सगळ्यांना ते कधीचे दिसत होते. ही थप्पी रोज संध्याकाळी शोभाताई स्वतः लावायच्या, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

त्यांनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले. मग पुन्हा उजव्याने. बाहेरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"डाव्यानं पाह्यलं तर सगळी एक," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मागे न वळता, "जितू, हे तुले दिसत होतं?"

"हाव, मावशी."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्हाला कोण सांगंन?"

शोभाताई उंबरठ्यावरच बसल्या आणि थप्पीतले मोतिया एकेक करून वेगळे काढले. सगळे काढून झाल्यावर दोन थप्प्या जितेंद्रच्या हातात दिल्या. "मले मोतिया झाला, अन् मी लोकांना मोतिया विकला," त्या म्हणाल्या. कोणीही हसले नाही, तेव्हा त्या स्वतःच हसल्या.

त्याच दुपारी एक बाई फिकट जांभळी साडी घेऊन आली. शोभाताईंनी तिला तसेच उंबरठ्यावर नेले. डावा डोळा झाकला, साडी पाहिली, आत जाऊन तीन पीस आणले, त्यातला एक दिला. बाईने तो साडीवर ठेवला. कुठे साडी संपते आणि कुठे पीस सुरू होतो ते मला दिसले नाही. जितेंद्रने फॉलकडचे स्टूल उचलून गोदामात ठेवले.

"पण दुसरा डोळा करून घ्या, मावशी," तो म्हणाला.

"करीन. साधाच करीन."

"म्हणजे डॉक्टरबाईंवर भरवसा बसला?" मी विचारले.

"डॉक्टरबाईवर?" त्यांनी काळा चष्मा पुन्हा लावला. "तिनं तर अजून बिलातले थेंबाचे पैसे दोनदा लावले का काय, ते तुम्ही पाह्यचे आहेत. पण या डाव्यावर आता माझा भरवसा नाही, मुनीमजी. चोवीस तास सोबत राहून खोटं बोलत होता."

थेंबांचे पैसे एकदाच लावलेले होते. मी तसे सांगितले, त्यांनी ते पुन्हा तपासायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोपिका बागडे यांचा टाकून दिलेला पीस शोधून काढला आणि उन्हात पाहिला. तो मोतियाच होता. त्यांनी एक खरा पांढरा पीस कापून कागदात बांधला, त्यावर माझ्याकडून बाईंचे नाव लिहून घेतले आणि काउंटरच्या खणात ठेवला. बाईंचा फोन नंबर आमच्याकडे नाही. सावनेरला त्यांची शाळा कोणती, तेही माहीत नाही. पुन्हा त्या दुकानात आलेल्या नाहीत.

शोभाताईंकडे गोपिका बागडे यांचे त्या पिसाचे एकशे चाळीस रुपये बाकी आहेत.