मास्तरांचं न मागणं

मास्तरांइतकं कमी मागून इतकं जास्त मिळवणारा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. मूकबधिर मुलींच्या आमच्या निवासी शाळेसाठी मोठ्या देणग्या आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी त्या शाळेत कारकून. जगाचं नवं वर्ष एक जानेवारीला लागतं, मास्तरांचं संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठल्यावर. जत्रेच्या दिवसांत घरोघर पाहुणे. अशा वेळी देणगीदाराच्या दारात उभं राहणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. जत्रा आवरली की इस्त्रीचा सदरा घालून ते वर्षाची आखणी करायला ऑफिसात येत. कोणाकडून किती येतील, हे विश्वस्त विचारत; कोणाकडे काय न्यायचं, हे मास्तर सांगत. अमक्या डॉक्टरांना मंद्रूपचा हुरडा. तमक्या कारखानदारांना कविता करायचा नाद, त्या ऐकण्यासाठी अख्खा मार्च राखून ठेवलेला. "आणि मागणार कधी?" अध्यक्ष वैतागून विचारत. "त्यांनी का आलात म्हणून विचारल्यावर," मास्तर गंभीरपणे सांगत. आणि खरोखरच, उशिरा का होईना, लोक विचारत.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. ज्या घरात मरण झालं, तिथं वर्षभर मागायचं नाही. जायचं, बसायचं, चहा घेऊन उठायचं.

गेल्या वर्षी हाच नियम आडवा आला. शाळेची भाड्याची जागा जूनपर्यंत सोडायची होती, आणि नव्या इमारतीच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. छत झालं नाही तर मुली आपापल्या गावी जाणार, आणि एकदा गेलेली मुलगी शाळेत परत येत नाही, हे आम्ही पाहिलेलं. एवढी रक्कम देऊ शकेल असा एकच माणूस होता: सुताचे व्यापारी अण्णा, मास्तरांचे जुने स्नेही. त्यांची बायको दिवाळीत गेली होती. मास्तर दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊन नुसते बसत. विश्वस्तांच्या सभेत सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मास्तर उठले, वसतिगृहात एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "चल."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी यंदा मागणार न्हाय असं वाटलं हुतं की." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पैसे त्याच दिवशी आले.

उन्हाळ्यात स्लॅब झाला, मुली नव्या इमारतीत राहायला आल्या. मास्तर मात्र अण्णांच्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. यंदाच्या आखणीत अण्णांच्या नावापाशी ते थबकले. म्हणाले, "तिथं तू जा. नुसता बस."

मी गेलो. अण्णांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढं सरकवली. "मास्तरांना सांग, पैशाचं मी कवाच विसरलो," ते म्हणाले. "पोरींसाठी मागितलं, त्यात काय वाईट केलं? पर आता घरात ही न्हाय, आन् गुरुवारी तेबी येत न्हाईत. मी बोलायचं कुणासंगं?"

मी हे मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी अंगणात खेळणाऱ्या मुलींकडे पाहिलं. मग म्हणाले, "जायचं पुढच्या वर्षी बघू." मला फार वाईट वाटलं. मास्तर ऐंशीच्या घरात आहेत, आणि अण्णा त्यांच्याहून मोठे.