पंधरा टक्क्यांची धास्ती

जावयानं विमानाची तिकिटं पाठवली त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलीचं पहिलंच बाळंतपण, तेही अमेरिकेत, आणि आम्हा दोघांना सुरतेहून निघायला महिनाही उरला नव्हता. बायको डिंक, सुंठ, बाळंतशेपा निवडत निवांत बसलेली. मी आपला गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत.

आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. माझे वडील तर माझ्या बहिणीकडे पाणीसुद्धा प्यायले नव्हते. मी बँकेतला माणूस, असलं काही मानत नाही असं चारचौघांत सांगायचो. पण तिकिटं हातात पडली आणि आतलं सगळं वर आलं. माझं तिकीटही जावयाचं, अन्नही जावयाचं!

"मग तिथं काय वारा खाऊन राहणार?" बायको म्हणाली.

मी तोडगा काढला. बाहेर जेवायला जाऊ तेव्हा बिल मी देणार. फोनवर मुलीला तसं ठणकावलं, तर ती हसली. म्हणाली, "बाबा, बिल हेच देणार. तुम्ही फारतर टिप द्या. पंधरा टक्के ठेवायची असते." एवढं बोलून होतं न होतं तोच फोन कटला.

फारतर! बरं, तर तेवढं तरी मी देईन. पण पंधरा टक्के? आमचा ठेवीदार त्याहून कमी व्याजासाठी वर्षानुवर्षं पैसे अडकवून बसतो, आणि इथं ताट आणून ठेवलं की झालं? कमी दिली तर जावयापुढे नाचक्की, जास्त दिली तर येडा ठरणार. रात्रंदिवस हेच डोक्यात.

शेवटी म्हटलं, आधी सराव करावा. रविवारी रिंग रोडच्या एका फरसाणाच्या दुकानात गरमागरम लोचो खाल्ला, बशीखाली एक नोट सरकवली आणि चोरी केल्यासारखा झपाझप निघालो. मागून दुकानाचा मालक हाका मारत आला.

"काका! तमारा पैसा रही गया!"

मी म्हटलं, विसरलो नाही, वाढणाऱ्यासाठी ठेवलेत. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "केम काका, घरे कंई खुशी छे?"

कारणाशिवाय कुणी पैसे देतं हे त्या बिचाऱ्याला पटेना. मी सांगून टाकलं, मुलीला बाळ होणार आहे. झालं! त्यानं नोट माझ्या खिशात कोंबली आणि वर खमणाचा पुडाही हातात दिला. द्यायला गेलो आणि घेऊन आलो. असा काही संतापलो की तसाच कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमध्ये शिरलो आणि अमेरिका लावून घेतली.

"हे बघ, मला तुमचं ते टिपचं मुळीच पटलेलं नाही," मी सुरुवातच तिथून केली. "मालक पगार देतो ना? मग गिऱ्हाइकापुढे हात कशाला पसरायचा? ही सरळ सरळ भीक झाली. मी देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका."

मला वाटलं, ती पुन्हा हसणार.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "यांची नोकरी गेली होती ना, तेव्हा मी एका हॉटेलात वाढायचं काम करत होते. पगार नावालाच होता. घरभाडं टिपमधनंच निघायचं. तुम्हाला कळवलं नव्हतं."

माझी पोर, आमच्या घरात जिला मी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नव्हता. काचेपलीकडे पुढचं गिऱ्हाईक घाई करत होतं. मला बोलायचं पुष्कळ होतं.

"तिथं तुला जेवायला मिळायचं ना गं?" एवढंच मी विचारलं.

"मिळायचं, बाबा," ती म्हणाली. "सगळे जेवून गेल्यावर."