पुण्याला याल ना?

शेवटच्या वर्षाला कॉलेजात एकच कंपनी आली आणि तिची ऑनलाइन मुलाखत मी घरूनच दिली. खडखडाट नको म्हणून वडिलांनी शेजारच्यांना विनवून त्यांचे यंत्रमाग तासभर थांबवले आणि कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे माझ्यासमोर बसले.

घोकलेली उत्तरं मी नीट दिली. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, "पुण्याला याल ना?"

वडिलांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. नजर चुकवून मी "हो" म्हणाले. ते उठून निघून गेले, माझ्याशी बोलेनासेच झाले.

आठवड्याने नकाराचा मेल आला.

आई म्हणाली, "त्यांना आत्ताच सांगू नकोस. बरं झालं म्हणतील की."

ते ऐकायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी उशीत तोंड खुपसून रडले.